चांदवड फुटला, कळवण पळाला

भास्कर गेल्याचा फोन सुमनवहिनींनी केला, तेव्हा मी आधी विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?" चार माणसं रडतात तिथे मी चौकशी करतो; स्वभावाला औषध नाही. आज महिना झाला...

आम्ही नाशिकच्या एकाच शाळेत शिकवायचो. तो इतिहास, मी गणित. नव्वदच्या दशकात त्याने वरची खोली दिलशादला भाड्याने दिली. हा इराकमधला कुर्दी तरुण, इथे फार्मसी शिकायला आलेला. त्याचे वडील एका चिमुकल्या पक्षात होते. कुर्दांना स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणारा, डोंगरात लपून चालणारा, तीनदा फुटलेला पक्ष. कागदपत्रं भीतीने जाळलेली. दिलशाद मोडक्या हिंदीत सांगायचा, भास्कर ते वहीत मराठीत उतरवायचा. मी म्हणालो, "अरे, आपल्या गल्लीतल्या मंडळाचा इतिहास कुणी लिहीत नाही, तुला ही पंचाईत कशाला?"

"गल्लीतल्या मंडळाला कुणी पुसून टाकायला निघालेलं नाही रे," तो म्हणाला.

एकदा तो चहा सांगायला आत गेला आणि मी वही उघडली. 'चांदवड फुटला. कळवण सीमेपलीकडे पळाला. सिन्नरने बंदुका पोचवल्या.' आपल्याच जिल्ह्यातले तालुके, आणि बंदुका! भास्करला विचारायला हवं होतं... मी पोलिसात असलेल्या मेहुण्याच्या कानावर घातलं. दोन दिवसांनी साध्या वेशातले दोघे आले, दिलशादला तासभर उलटसुलट विचारलं. आठवड्यात तो शिक्षण अर्धवट टाकून गेला. कुठे, ते कळलं नाही. भास्करने मला कधीच काही विचारलं नाही. त्याच्या न विचारण्याचाही मी पुढे दहा वर्षं संशय घेतला.

तेराव्यानंतर वहिनींनी वही पुढे केली. "तिकडची माणसं अजून जिवंत आहेत, खरी नावं नकोत, म्हणून ह्यांनी त्यांना आपल्या तालुक्यांची नावं दिली," त्या म्हणाल्या. मला फार लाज वाटली. आणि तरीही मी पहिल्यांदा काय केलं, तर पोलिसांना खबर देणाऱ्या फितुराला कुठलं नाव दिलंय ते शोधलं. माझं गाव निफाड.

फितुराच्या जागी नुसती रेघ होती. निफाड शेवटच्या पानावर सापडलं. 'निफाडला पकडून तीन दिवस मारलं. त्याने एकाचंही नाव सांगितलं नाही.'

भास्करला माहीत होतं की नव्हतं?...

"भाऊजी, वही तुम्हीच न्या. ह्यांचा तुमच्यावर फार जीव होता."

मी ती त्याच्या टेबलावर परत ठेवली. "इथेच असू द्या, वहिनी," म्हटलं. "माझ्या घरी मेहुणा येतो."