पाहुण्यांचं गाव

कुलूप लावलं की ओढून बघायचं, जरा पुढे गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढायचं, ही अस्मिता देवधरची जुनी खोड. घरी तिची चेष्टा व्हायची. ती काम करायची त्या बायकांच्या मदत-संस्थेत मात्र संस्था चालवणाऱ्या कुसुमताईंनी याच खोडीपायी तिला ठेवून घेतलं होतं. घरच्या छळाला कंटाळलेल्या बायका संस्थेच्या वेबसाइटवर चोरून डोकावत. त्यांची मोजदाद परक्या कंपनीकडे कशाला, म्हणून अस्मितानं बुधवार पेठेतून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवलं आणि सगळी मोजणी ऑफिसच्या कपाटात आणली. 'व्हिजिटर'चं मराठीही तिनंच केलं. पाहुणे.

पुढे विश्वस्त श्रीनिवासरावांना देणगीदारांसमोर मिरवायला पाहुण्यांची गावं हवी झाली. अस्मितानं कुरकुरत ती सोय चालू केली. बहुतेकदा नुसतं 'पुणे' उमटे. कधी मात्र ते यंत्र अतिशहाणपणा करून उपनगरही सांगे. आणि हे सगळं दाखवणारा कॉम्प्युटरचा पडदा श्रीनिवासरावांनी थेट बाहेरच्या खोलीत टांगला.

त्या दुपारी बाकावर एक गृहस्थ येऊन बसला. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. खडकीहून आलोय म्हणाला. बायकोच्या पर्समध्ये इथला पत्ता सापडला, ती येते का इथे, एवढंच विचारायचं होतं. कुसुमताई त्याला वाटेला लावत होत्या, तेवढ्यात अस्मिताची नजर पडद्यावर गेली.

आत्ता पाहुणे: १. खडकी.

आणि खाली, बारीक अक्षरात, उघडलेलं पान: घर सोडताना काय बरोबर घ्यावं.

ती पडद्याच्या पिनेकडे सरकली. असेल दुसरी कोणी, खडकी काय एका घराची आहे? पण त्याची मान पडद्याकडे वळली होती.

"खडकीचे पाहुणे? कोण आलंय?" असं म्हणत तो खिशातला चष्मा काढू लागला.

"स्थळ आहे," कुसुमताई म्हणाल्या. "पाहुणे कुणाकडचे, ते ठरेपर्यंत आम्ही बोलत नाही."

"म्हणजे लग्नंही जुळवता?"

"मोडतोच, अशी आपली समजूत होती वाटतं."

तो ओशाळून कुसुमताईंकडे वळला, तेवढ्यात अस्मितानं पडद्याची पिन उपटली.

तो गेला. जिन्यात उभा राहून कुणाला तरी फोन लावत होता. कपाटातल्या कॉम्प्युटरवर एकाचं शून्य झालं. तिकडे तिचा फोन वाजला म्हणून? की वाचून झालं म्हणून?

अस्मितानं गावाची सोय बंद केली, साठलेली गावं पुसली, मग बंद झाली का ते पुन्हा बघितलं. श्रीनिवासराव चिडले. देणगीदारांना दाखवू काय, म्हणाले. पाहुण्याला पाणी विचारतात, पत्ता नाही, एवढं बोलून कुसुमताई कामाला लागल्या.

दुसऱ्या दुपारी तेच पान पुन्हा उघडलं गेलं. पाहुणे: १. गावाची जागा कोरी. तीच का? कळायला मार्ग नव्हता. तो अस्मितानंच बुजवला होता. तरी तो एक आकडा जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.