शिदोरीकाकांची ना-हरकत

जयपुरातल्या कुठल्याही मराठी घरात बदलीची बातमी आली, की ती त्या घरातल्या बाईच्या आधी शिदोरीकाकांना कळलेली असे. यात अतिशयोक्ती नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या देशमुखांची रायपूरला बदली झाली, तेव्हा काका दारात उभे राहून सहज म्हणाले, "वहिनी, रायपूरले पाणी जड आहे म्हणते. केसं सांभाळजा." देशमुखकाकू पोळ्या लाटत होत्या. त्या लाटणं हातात घेऊनच नवऱ्याला फोन करायला धावल्या. साहेबांना चार दिवस घरी सांगायचा धीर झाला नव्हता, आणि त्यापुढचे चार दिवस ते शिदोरीकाकांशी बोलत नव्हते.

शिदोरी म्हणजे पेनड्राइव्ह. हे सगळं बारा-चौदा वर्षांपूर्वीचं. रेल्वे, बँक, विमा अशा नोकऱ्यांमुळे जयपुरात येऊन पडलेल्या आम्हा मराठी घरांत मराठी गाणं दुर्मीळ होतं. बाजारात मिळत नसे, आणि फोनवर ऐकायला नेट पुरत नसे. काका झालानाच्या विमा कार्यालयातून मानसरोवर वसाहतीतल्या घरी आले, की चहा घेऊन संगणकासमोर बसत आणि फुकट्या साइटींवरून गाणी उतरवत. येणाऱ्या कुटुंबाला एक पेनड्राइव्ह आणि बदलून जाणाऱ्याला एक, असा त्यांचा नेम होता. "गाव सोडणाऱ्याले रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नसते," असं म्हणत ते, प्रवासाला निघालेल्याच्या हातात दशम्यांचा डबा ठेवतात तसा तो पेनड्राइव्ह ठेवत. प्रत्येक गाणं आधी स्वतः पूर्ण ऐकत. न चाखता भाजी वाढायची नाही, हा त्यांच्या आईचा नियम त्यांनी गाण्यांना लावला होता. जयपूरची गाणी अशी बदल्यांच्या ऑर्डरींबरोबर कोटा, इटारसी, जबलपूर, बिलासपूर करत फिरत असत.

गंमत म्हणजे सगळ्यांना निरोप देणारा हा माणूस स्वतः कधी कुठे गेला नाही. काकू तिलक नगरच्या एका शाळेत शिकवत, म्हणून काकांनी तीनदा बढती नाकारली होती. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं त्यांचे साहेब होऊन आली नि गेली. कुणी यावरून छेडलं तर म्हणत, "बाप्पा, कोणी तं एका जागी राह्यलं पाहिजे. नाई तं जाणाऱ्यानं निरोप कोणाचा घ्यावा?"

त्यांची एक खोड मात्र भारी होती. गाण्याच्या फाइलवर गायकाचं नाव ठेवायला त्यांची तयारी नसे. प्रसिद्ध माणसांचं चालून जाई. पण नाव ऐकलेलं नसेल तर काका चौकशी करून त्या गायकाला घरदार मिळवून देत. 'परभणीच्या पोस्टमास्तरांची सून, अंगाई.' 'धुळ्याच्या हार्डवेअरवाल्यांचा धाकटा.' त्यांच्या मते, कोणाचं कोण हे कळल्याशिवाय गाणं पोरकं वाटतं.

काकांच्या शिदोरीने आमचा बँड बुडवला, आणि याच खोडीने वर काढला.

आमच्या बँडचं नाव 'खाली डिब्बा'. माझे वडील रेल्वेत होते, मूळचे भुसावळचे, ते नाव ऐकून म्हणाले होते, "रिकामा डबा? यार्डात लावायचाय का?" मी गायचे, योगेंद्र गिटार वाजवायचा आणि इम्रान ड्रम. दोघंही जयपूरचेच. गाणी हिंदी. कॉलेजच्या कार्यक्रमांत आमच्यासमोर बसलेले लोक बहुधा पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत असायचे. मग एका मे महिन्यात मी एक मराठी गाणं लिहिलं. दुपारी कूलरमध्ये बादल्या ओतण्यावरून बहीणभावांची भांडणं होतात, त्यावरचं. माझं मराठी तेव्हा घरापुरतं होतं आणि गाण्यात ते जागोजागी लंगडत होतं. योगेंद्रला शब्द कळत नव्हते, पण त्याने त्यावर अशी काही धून बसवली, की पाणी ओतताना होणारा आवाजच ऐकू यावा.

जयपुरात मराठी गाणं ऐकवायचं तर एकच माणूस होता. मी फाइल घेऊन काकांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. म्हणाले, "पोरी, तुह्यं मराठी अडखळते. गाणं नाई अडखळत. हे तं अकोल्याचं गाणं आहे, माह्या घरचं." कूलरवाल्या गावाचा माणूस तो, त्यांचे डोळे भरून आले होते. मी तरंगतच घरी आले आणि फाइल तिथेच राहिली.

त्याच हिवाळ्यात दिल्लीची एक छोटी संगीत कंपनी आमची पाच गाणी काढायला तयार झाली. अट एकच होती: ही गाणी त्याआधी कुठेही, कुणाकडेही असता कामा नयेत. तीन वर्षं आम्ही याच निरोपाची वाट बघत होतो. योगेंद्रने घरी सांगून टाकलं, की आता घरच्या दुकानात बसणार नाही.

संक्रांतीला जयपूर छतावर असतं. पतंग, सुतरफेणीसारखी गोड फीणी, तिळाचे लाडू, आणि प्रत्येक छतावर आपापला स्पीकर. आम्ही तिघं आमच्या छतावर होतो. योगेंद्रने कुणाचा तरी पतंग कापला, "वो काटा!" म्हणून ओरडला, आणि तसाच थांबला. तीन छतं पलीकडून, सगळ्या गोंगाटातून, माझा आवाज येत होता. बादली भर, बादली भर. "यार, ये तो अपना गाना है," तो म्हणाला. आधी आम्ही वेड्यासारखे नाचलो. अनोळखी लोक आमचं गाणं लावून पतंग उडवत होते! मग इम्रानच्या लक्षात आलं. "लेकिन इनके पास आया कहाँ से?"

ते घर नुकत्याच बदलून आलेल्या एका बँकवाल्यांचं होतं. त्यांनी कौतुकाने पेनड्राइव्ह दाखवला. फाइलचं नाव होतं: 'रेल्वेच्या सोनवणे साहेबांची मुलगी, मानसरोवर. कूलरचं गाणं.' बँडचं नाव नाही, योगेंद्रचं नाही, इम्रानचं नाही. माझंसुद्धा नाही, वडिलांचं! आठवड्याभरात कंपनीच्या माणसाला तेच गाणं एका फुकट्या साइटवर सापडलं. पेनड्राइव्ह जबलपूरला गेला होता आणि तिथून कुणीतरी ते चढवलं होतं. कंपनीने नाही म्हणून कळवलं. योगेंद्र दुकानात बसायला गेला.

मी तरातरा काकांच्या घरी गेले. तिथे एक कुटुंब शिदोरी न्यायला आलं होतं. ग्वाल्हेरला निघाले होते. त्यांच्या देखत मी म्हटलं, "काका, तुम्ही चोर आहात. इतकी वर्षं चोरीचा माल वाटताय आणि लोक तुमच्या पाया पडतात." काकू स्वयंपाकघराच्या दारात थिजल्या. काकांनी त्या गृहस्थांच्या हातातला पेनड्राइव्ह हलकेच काढून घेतला आणि म्हणाले, "माफ करजा. ही पोरगी बरोबर बोलून राह्यली."

ग्वाल्हेरचं कुटुंब रिकाम्या हाताने गेलं. त्यानंतरची सगळीच गेली. काकांनी त्या संध्याकाळी सगळी गाणी पुसून टाकली आणि संगणकावर कापड घातलं. मी बरोबर होते, हे मी स्वतःला रोज सांगायचे. बरोबर असण्याचा इतका कंटाळा मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

मग वडिलांना फोन यायला लागले. मोबाइलवर नव्हे, ऑफिसात, रेल्वेच्या फोनवर. इटारसीहून एक गार्ड विचारत होते, "सोनवणे साहेब, कूलरवाली पोरगी तुमचीच का?" बिलासपूरहून एका बाईंनी आणखी गाणी मागितली. नागपूर, कोटा, भोपाळ. बँडचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सोनवणे साहेब ही रेल्वेत सापडणारी गोष्ट होती! वडील आधी वैतागले, मग त्यांनी टेबलावर एक वही ठेवली आणि फोन करणाऱ्यांची नावं-गावं टिपू लागले. त्या वहीतूनच जबलपूरचं बोलावणं आलं. तिथल्या मराठी पोरांनी शाळेचा हॉल घेतला होता. मी योगेंद्रला दुकानातून अक्षरशः ओढून नेलं.

हॉल भरलेला होता. सगळी माझ्यासारखीच मुलं: घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्हीकडे थोडी पाहुणी. मी पहिली ओळ घेतली आणि दुसरी ओळ हॉलनेच म्हटली. जिथे माझं मराठी लंगडतं तिथे तेही सगळे प्रेमाने लंगडले. इम्रान वाजवता वाजवता रडत होता. परतीच्या गाडीत योगेंद्र एवढंच म्हणाला, "काका को बताना पड़ेगा." आमचा बँड आज चालतो, तो त्या दिवसापासून.

मी पेढे घेऊन गेले आणि माफी मागितली. काका म्हणाले, "तुहा आवाज चढला होता, पण सूर बरोबर होता." संगणकावरचं कापड काढलेलं होतं. मला वाटलं, शिदोरी पुन्हा सुरू झाली. झाली होती, पण काकांच्या पद्धतीने. विम्याच्या कचेरीत जन्म गेलेल्या माणसाने एक फॉर्म तयार केला होता: 'मी खाली सही करणार, असे लिहून देतो/देते की, माझे गाणे जयपूर येथे बदलून येणाऱ्या व जाणाऱ्या मराठी कुटुंबांना विनामूल्य देण्यास माझी हरकत नाही.' हा फॉर्म ते एकेका गायकाला, एकेका कंपनीला पाठवत. नामवंतांकडून उत्तर आलं नाही. आली ती अशा लोकांची, ज्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. साताऱ्याची कॉलेजातली तीन पोरं, चंद्रपूरच्या एक शिक्षिका, बीडचा एकटाच गाणारा आणि एकटाच रेकॉर्ड करणारा मुलगा.

पूर्वी हजारो गाण्यांची असलेली शिदोरी आता अकरा गाण्यांची झाली. लोक नाराज व्हायचे. "काका, जुनी गाणी कुठे गेली?" काका शांतपणे सांगत, "ते मोठे लोक आहेत, त्यायले आपली गरज नाई. या पोरायले आहे." आणि दर बदलीनंतर त्या पोरांना कळवत: तुमचं गाणं भोपाळला पोचलं, अमुक घरी रोज सकाळी लागते. साताऱ्याच्या त्या पोरांना आपला पहिला अनोळखी श्रोता कोण, हे काकांच्या पत्रातून कळलं. पुढे त्यांनी भोपाळला कार्यक्रमही केला.

एक गोष्ट मात्र मला खात राहिली. काकांनी सगळ्या महाराष्ट्राला फॉर्म पाठवले, मला नाही. मी वाट बघितली. वर्ष गेलं, दोन गेली. आपण होऊन विचारायचं धाडस होईना. देशपांड्यांच्या मुलाच्या मुंजीत आम्ही कूलरचं गाणं गायलो, तेव्हा काका पंगतीतून उठून बाहेर गेले. मी धरून चालले, की त्यांनी तोंडाने माफ केलंय, मनाने नाही.

पाच वर्षांनी काकू निवृत्त झाल्या आणि दोघं अकोल्याला निघाले. सामान ट्रकमध्ये चढत होतं. मी मदतीला गेले होते. काका गादीच्या वळकटीला दोरी बांधत होते. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी विचारलं, "काका, मला फॉर्म का नाही पाठवलात?"

त्यांनी गाठ पुरी केली. "पाठवला असता तं तू काय म्हणली असती?"

"हो म्हटलं असतं."

"तेच तं. तू त्या दिवशी बोलली, त्याचं तुलेच इतकं लागलं होतं, की मी तुमचं घर मागितलं असतं तरी तू सही केली असती. ज्याले नाई म्हणता येत नाई, त्याची ना-हरकत काय कामाची, बाई?"

काका पुढे म्हणाले, "म्हणून मीबी नाई ऐकलं ते. त्या मुंजीत वाजलं, तवा लय वाटलं थांबावं. पण नाई थांबलो."

पाच वर्षं! गाणं सगळीकडे वाजत होतं, आणि ज्याला ते सगळ्यात आधी आवडलं होतं, त्याने पाच वर्षं कानाआड ठेवलं होतं. मी रडायला लागले. "घ्या ना काका. आता घ्या."

"आता नाई म्हणता येते तुले?"

"येतं."

"म्हणून दाखव."

"नाही," मी पुटपुटले.

"हे तं होच झालं."

"नाही देत!" मी ओरडले. "माझं गाणं आहे, नाही देत!" खाली ट्रकवरचे हमाल माना वर करून बघायला लागले. काका त्या वळकटीवर बसले आणि पोट धरून हसले. मग त्यांनी हात पुढे केला. "झालं. आता दे."

मी फोनवर गाणं लावून त्यांच्या हातात दिलं. काकांनी डोळे मिटले. काका वारले त्याला आता दीड वर्ष झालं, पण डोळे मिटून बसलेले काका मला अजून तसेच दिसतात. खाली ट्रकवाल्याने हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा दिला आणि शेवटी जिना चढून दारात आला. काकूंनी त्याला हातानेच थांबवलं.

"दो मिनट रुको, भैया," त्या म्हणाल्या, "गाना पूरा होने दो."