उन्हाळी सोजीर

तर काल गोष्ट बुटांपाशी थांबली होती. ते बूट जयरामने घोंगडीत गुंडाळून आढ्याला टांगले होते, उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून. बारकू, म्हणजे त्याचा बाप, खाली जेवायला बसला की दर घासाला मान वर करून बघायचा. दोरी तुटली तर आधी त्याचंच टाळकं फुटणार होतं. एकेक बूट कोंबडीएवढा जड, टाचेला लोखंडी नाल, तळाला खिळेच खिळे. आणि बूट कुणाचे, तर सरकारचे. जयराम नुसता घालणारा. पण घालणाऱ्याची मान अशी ताठ, की सरकारने त्याला बूट नव्हे, सुभा दिलाय.

काल जे नव्हते त्यांना सांगायला हवं, की जयराम हा सापगावच्या पल्याड ओढ्याकाठच्या वाडीतला, बारकू आणि बाईजाचा एकुलता एक मुलगा. दहाव्या वर्षी कल्याणला शाळेत गेला, तिथून मुंबईला कॉलेजात. कॉलेजात एक लष्करी पथक होतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी कवायत, वर्षाकाठी पंधरा दिवस तंबूत मुक्काम, आणि उरलेला वेळ पुस्तकं. म्हणजे धड शिपाई नाही, धड विद्यार्थी नाही. मात्र त्या पोरांत जो चमकेल त्याची कॅप्टन शिफारस करणार, आणि लढाई पेटलेली असल्यामुळे शिफारस मिळालेला पोरगा शिकून थेट पलटणीत साहेब होणार. खांद्यावर तारा. जयरामला तो तारा हवा होता. झोपेत हवा होता, जेवताना हवा होता, आरशात भांग पाडताना तर फारच हवा होता.

अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणारी माणसं आपल्या तालुक्यात कमी नाहीत. पण हा गडी हळकुंड नुसतं हुंगून पिवळा झाला.

सन चाळीसच्या मे महिन्यात तो घरी आला तेव्हा त्याने वाडीतले दहाबारा बाप्ये खळ्यावर उभे केले, हातात काठ्या दिल्या आणि डावा-उजवा शिकवायला लागला. माणसं गमतीने उभी राहिली. दुपारचं दुसरं काम तरी काय होतं? जयराम पुढे चालायचा, छाती काढून, आणि मागे त्याचा चुलता नामा कोंबड्यासारखी मान पुढेमागे करत चालायचा. सगळी वाडी हसत होती आणि जयरामला वाटत होतं, लोक खूश आहेत.

शेवटी नामानेच विचारलं, की बाबा, तू आठवड्याचा दोन संध्याकाळचा शिपाई, मग बाकीच्या दिवशी शत्रू आला तर काय करायचं? जयरामने त्यावर भाषण दिलं. शिस्त, नेतृत्व, नकाशावाचन. नकाशावाचन म्हणजे काय ते दाखवायला त्याने सगळ्यांना ओढ्यावर नेलं. ओढा मेमध्ये असतो तसा ठणठणीत, पांढरे गोटे वर आलेले, मधोमध एक म्हैस बसलेली. जयरामने खिशातून वही काढली आणि पेन्सिलीने लिहिलं: नाला कोरडा, माणसं व बंदुका कुठूनही पार होतात. लिहिलेलं मोठ्याने वाचूनही दाखवलं.

"लिही रे, लिही," नामा म्हणाला. "वड्यालाबी कळू दे, तो कोरडा हाये म्हनून."

त्या दिवसापासून वाडीने त्याला सोजीर, म्हणजे आपल्या तोंडचा सोल्जर, म्हणायला सुरुवात केली. उन्हाळी सोजीर. कारण तो यायचा तो उन्हाळ्यातच. दिवाळीत भाताची कापणी असते, म्हणून दिवाळीत त्याचा अभ्यास असायचा. नाताळच्या सुट्टीत झोडणी असते, म्हणून तेव्हा तंबूचा मुक्काम असायचा. मृगाचा ढग डोंगरामागे दिसला की आवणीचा, म्हणजे भातलावणीचा, चिखल पायाला लागायच्या आत हा वाशिंदच्या ठेसनावर. पौषातली म्हसा गावची जत्रासुद्धा त्याने लहानपणानंतर पाहिली नव्हती. शेतात हाताला काम नाही एवढाच काय तो महिना त्याच्या ओळखीचा होता, आणि त्या ओळखीवर तो मुंबईत आपण शहापूरकडचे इनामदार म्हणून सांगायचा. कॉलेजातली पोरं त्याला इनामदारच म्हणायची. इनाम होतं घरामागचं एक फणसाचं झाड, आणि त्यातही अर्धा वाटा नामाचा.

आता ओढ्याची गोष्ट. ज्याने वाडीत हिवाळा काढला आहे त्याला हे सांगावं लागत नाही, पण जयरामसारख्यांसाठी सांगायला हवं. भात कापून झालं की मार्गशीर्षात सगळी वाडी ओढ्यावर जमते आणि दगड, चिखल, गवताची ढेकळं घालून बांध घालते. पाणी अडतं, छातीएवढा डोह होतो, आणि त्यावर गुरं, वाल, धुणी, सगळं होळीपर्यंत चालतं. मग डोह आटतो, वरची माती गुरांच्या पायांनी जाते, आणि मेमध्ये तिथे बांध होता हे परक्याला खरंही वाटत नाही. नियम एकच: घरातल्या दर कर्त्या पुरुषामागे बांधाचा एक वाटा, म्हणजे एक दिवस काम. जो येणार नाही त्याचा हिस्सा तसाच उघडा राहतो आणि वर्षभर बायका पाणवठ्यावर त्या घराचं नाव घेतात. बारकू दरसाल दोन दिवस चिखलात उभा राहायचा. एक आपला, एक जयरामचा. जयरामला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं.

त्याच वर्षी डिसेंबरात पथकाचा मुक्काम पडला वाशिंदला. शेवटच्या दिवशी परीक्षा होती. तीन तुकड्यांनी सरकारी नकाशा घेऊन तीन वाटांनी निघायचं, आग्रा रोडला पाय लावायचा नाही, आणि दुपारच्या आत शहापूरच्या डाक बंगल्यावर पोचायचं. ज्याची तुकडी पहिली, त्याची शिफारस. कॅप्टन म्हणजे कॉलेजातले गणिताचे प्रोफेसर. माणूस मोजून बोलणारा. सापगावकडची लांबची वाट कोण घेतो असं त्यांनी विचारलं, तर जयरामचा हात सगळ्यांच्या आधी वर. तो मुलूख माझ्या पायाखालचा आहे, म्हणाला. वहीसुद्धा दाखवली.

दहा पोरं त्याच्या हाताखाली. सोबत नथू जमादार, घाटावरचा, वीस वर्षं पलटणीत काढलेला. पण त्याला त्या दिवशी तोंड उघडायची मनाई होती, कारण परीक्षा जयरामची होती. म्हातारा मागून तंबाखू चोळत चालत होता.

सकाळ बरी गेली. जयराम पुढे होता, वही हातात, डोळ्यांपुढे तारा. ओढा ओलांडला की कोसभराची वाट वाचत होती. दुपार कशाला, इतर तुकड्या नाश्ता पचवत असतील तोवर आपण बंगल्याच्या पायरीवर. असा हिशेब करत करवंदीच्या जाळीतून तो बाहेर पडला आणि थांबला.

पुढे डोह. हिरवागार, छातीएवढा, वर दोन बदकं.

त्याने वही पाहिली. वहीत ओढा कोरडा होता. त्याने पुन्हा डोह पाहिला. मागची पोरं गिरगाव-दादरची, त्यांत धड दोघांनासुद्धा पोहता येत नव्हतं, आणि सगळ्यांच्या खांद्यावर सरकारी बंदुका. बांधाच्या खाली पुरुषभर उंचीचा सरळ खडकाचा कडा.

बांधाच्या टोकाला धोंडीबाई हंडा घासत होती. ही बारकूची थोरली बहीण, जयरामची सख्खी आत्या. लहानपणी तिच्याच कडेवर बसून त्याने वाडी पाहिलेली. तिने डोळ्यांवर हात धरला आणि ओळखलं.

"जयराम ना रे तू? बांधावरनं नको जाऊ, बाला. माती वली हाये अजून, चार रोजांपूर्वी तर घातलाय. पार व्हायचा उतार खाली हाये, पाव कोसावर, गुडघाभर पान्याचा. नायतर बूट तरी काढा, आनी येकेक जन जा. ह्यो मधला वाटा तुज्याच नावाचा, त्याच्यापायी बारकू दिसभर चिखलात व्हता."

नथू जमादाराने हे ऐकलं, मुकाट्याने दगडावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. जयरामने ते पाहिलं आणि मनात म्हणाला, म्हातारा थकला.

पोरं इकडे कुजबुजायला लागली होती, की इनामदार, ही बाई तुमची कोण? आणि हा प्राणी, आत्याच्या कडेवर वाढलेला, मान न वळवता हिंदीत म्हणाला, की गाववाली है, हमारे यहाँ काम करती है. मग हुकूम सोडला. पाव कोस खाली जायचं, पाव कोस वर यायचं, तोवर तारा दुसऱ्याच्या खांद्यावर. आणि बूट काढून अनवाणी तुकडी न्यायची, तीही आत्यासमोर? तुकडी बांधावरून चालली. बुटांसकट. शिवाय एकेक नव्हे, कदम मिलाकर, कारण साहेबी तशीच दिसते.

धोंडीबाई हंडा घेऊन मागे सरली.

चार पोरं पार झाली. पाचव्याच्या पायाखाली ढेकूळ निसटलं. मग नालांनी आणि खिळ्यांनी उकरलेली ओली माती सावकाश बसली, जशी दमलेली म्हैस बसते, आणि मधला वाटा, बारकूने जयरामच्या नावाने घातलेला, सगळाच्या सगळा कड्याखाली गेला. त्याच्यामागून पाणी गेलं. पाण्यामागून दोन पोरं, त्यांच्या टोप्या आणि एक बंदूक. आणि हुकूम देणारा जयराम, जो सगळ्यांत शेवटी यायचा म्हणून काठावर उभा होता, तो पोरांना धरायला धावला तो घसरून चिखलात बसला. तारा राहिला आकाशात.

कुणाला फार लागलं नाही. पण वाडीचं होळीपर्यंतचं पाणी चिलीम भरून होईपर्यंत निघून गेलं. बायका हंडे घेऊन धावत आल्या आणि रिकाम्या डोहाकडे पाहत उभ्या राहिल्या. झोडणी टाकून बारकू आणि नामा आले. नामाने कड्याखाली उतरून बंदूक हुडकून काढली, नळीतला चिखल झटकला, आणि सोजीराच्या हातात देताना एवढंच विचारलं, की वड्याला वाचून नाय दाखवलंस काय? तेवढ्यात एक पोरगा चिखलातून ओरडला, "इनामदार, हात द्या."

बारकूने ते ऐकलं. त्याने मुलाकडे पाहिलं, मुलाने बुटांकडे. बारकू मग नथू जमादाराकडे वळला आणि किती हात आहेत म्हणून विचारलं. अकरा, जमादार म्हणाला; माझे धरून बारा. मग बूट काढायला सांगा, बारकू म्हणाला.

परीक्षा संपली होती, त्यामुळे जमादाराचं तोंड आता मोकळं होतं, आणि वीस वर्षांच्या पलटणीत साठलेलं सगळं त्याने वापरलं. पोरांनी बूट काढले, पट्ट्या सोडल्या, आणि गिरगाव-दादरची ती फौज गुडघाभर चिखलात दगड वाहायला लागली. हुकूम बारकूचा. हा दगड इथं, तो तिथं, गवत आधी, चिखल नंतर. धोंडीबाई काठावरून ओरडत होती, की नीट दाबा रे, आमची गुरं प्यायची हायेत, परीक्षा नाय द्यायची. आणि जयराम, अनवाणी, पायजम्यासारखी विजार वर खोचून, मधल्या वाट्यात उभा. दोन दगड उचलले की दम खायचा. इतका नालायक गडी त्या बांधावर आजवर उभा राहिला नसेल.

दुपार कलली तेव्हा शहापूरहून कॅप्टन शोधत आले, सायकल ढकलत. त्यांनी बांध पाहिला, बूट पाहिले, एका ओळीत वाळत टाकलेल्या बंदुका पाहिल्या. कुणावर आवाज चढवला नाही. आधी बारकूला विचारलं, की हा मुलगा तुमच्या ओळखीचा आहे का?

आता बघा. एका शब्दात बारकू पोराची इनामदारी मोडू शकत होता. धोंडीबाईने तर तोंड उघडलंही होतं. बारकूने तिला हाताने थांबवलं.

"नाय साहेब," तो म्हणाला. "असले इनामदार आमच्या वळखीचे नाय."

म्हणजे शिवीही दिली आणि वाचवलंही. जयरामला तेवढी अक्कल होती. त्याला कळलं की दार उघडं आहे. सरकारी नकाशा चुकीचा होता असं म्हटलं तर लाज झाकेल, इनामदारी टिकेल, आणि पुढच्या वर्षी तारा पुन्हा मागता येईल. तेवढ्यात कॅप्टनने चिखलातली वही उचलली, ते पान काढलं आणि विचारलं, की नाला कोरडा आहे हे तू स्वतःच्या हाताने लिहिलं आहेस, कशावरून लिहिलंस?

पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे. तारा मिळाला नाही. तो मिळवणारी पोरं दूरदूरच्या आघाड्यांवर गेली, आणि आपला सोजीर त्रेचाळीस साली मुरबाडला रेशनच्या कचेरीत कारकून झाला. तिथेही मान ताठच. मार्गशीर्षात बांधाला मात्र येतो, दरसाल. सगळ्यांच्या शेवटी येतो, सगळ्यांत लहान दगड उचलतो, आणि पाणवठ्यावरच्या बायका त्याला अजून हसतात. कुणी म्हणेल, गोष्ट इथे संपली. पण त्या दिवशी कॅप्टनपुढे चिखलात उभं राहून तो जे बोलला, ते नामासारखा टवाळसुद्धा कधी बदलून सांगत नाही. आधी हातातला दगड त्याने बांधात बसवला. मग म्हणाला:

"साहेब, इनामदार वगैरे सगळं खोटं आहे. हा माझा बाप, ती माझी आत्या, आणि फुटला तो वाटा माझ्या नावाचा होता. मी इथं फक्त मे महिन्यात येतो, तेव्हा ओढा कोरडा असतो."