बाबांच्या जागेवरची गादी

आज रविवार. चिखलीहून ताई आली होती. आम्ही दोघांनी सोफा साफ केला. खाण्याचा सोडा भुरभुरून ब्रशने झाडला, कव्हरं धुतली.

बाबा गेल्यापासून त्यांच्या कोपऱ्यात कोणी बसलं नाही. तिथली गादी दबून खोल झाली आहे.

"गाद्यायची अदलाबदल कर, बरोबर होते," ताई म्हणाली.

"राहू दे."

"काऊन बे? पाहुणे आले त त्यायले उभं ठेवतं काय?"

असं म्हणत ती स्वतःच तिथं बसली आणि खोल गेली. "बाबा एवढे जड होते काय बे?"

आम्ही दोघंही हसलो. मग ताई डोळे पुसत म्हणाली, "राहू दे अशीच."

तुमच्या घरातल्या अशा जागेचं तुम्ही काय केलं?

ताई संध्याकाळी गेली. मी दोरीवरची कव्हरं काढली आणि एकेक गादीला चढवली.