छातीतला नवा आवाज

केजला मी डॉक्टरकी करायचो, त्या वर्षी पाऊस आमच्याकडे फिरकलाच नाही. शेजारच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन चारा छावणीत छातीला हात लावून खाली बसले. लोकांनी ‘ग्यास धरला’ म्हणत आधी त्यांना सोडा पाजला, मग जीपमध्ये घालून माझ्या दवाखान्यात आणलं. कार्डिओग्राम पाहून माझं डोकंच फिरलं. मोठा हार्ट अटॅक, आणि मोलाचा वेळ सोड्यात गेलेला! रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. हळूहळू कळ थांबली.

मला मात्र कळेपेक्षा कळ थांबल्यानंतरच्या दिवसांची धास्ती जास्त. हृदयाचा मेलेला भाग त्या दिवसांत भिजल्या भाकरीसारखा मऊ पडतो. हे कुणाला पटवणार? “लई मोकळं वाटायलंय,” म्हणत चेअरमन उठून बसले, आणि निम्मी छावणी त्यांना भेटायला खाटेभोवती जमली. मी ओरडून हाकललं, की खिडकीतून गप्पा सुरू. त्यांची बायको तेवढी गुमान पाय दाबत बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. काल नसलेला आवाज येत होता, दर ठोक्याला खरखर. हृदयातल्या पडद्याला भोक पडलं होतं.

“काय डाक्टर, आत मिटिंग चालू हाय का?” चेअरमन हसले. ओठ निळसर दिसत होते.

“पुण्याला जायचं, आत्ताच. ऑपरेशन लागेल.”

“कावून? दुखत तर काईच न्हाई.”

बायकोने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मागोमाग व्हरांड्यात येऊन म्हणाली, “पोचतील का?”

“पोचले तर आशा आहे,” मी म्हणालो. त्याहून गोड बोलायला माझी जीभ रेटेना.

ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला बजावलं, कुठं थांबू नको, पळव. बायको उशाशी बसली. चेअरमन आत झोपल्या झोपल्या लोकांना हात करत होते.

दुपार व्हायच्या आत ड्रायव्हरचा फोन आला. वाटेत मांजरसुंब्याच्या पुढे चेअरमनचा श्वास थांबला होता. मला भयंकर राग आला, कुणाचा ते सांगता येईना.

“गाडी गावाकडं वळवलीय साहेब,” तो म्हणाला. “पण बाई लई हळू चालवायला लावायल्यात. म्हणत्यात, खड्ड्यात हिसका बसतो त्यांना.”