मुदतीचा ताप

शाळा सोडून ठाण्याच्या कचेरीत समन्स पोचवायला लागलो, त्याच साली तापाने पडलो. शेजाऱ्यांनी एक म्हातारे वैद्य आणले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डोळे मिटून त्यांनी बराच वेळ नाडी धरली आणि जानव्याने पाठ खाजवत म्हणाले, “मुदतीचा ताप. एकवीस दिवस.”

मुदत संपली की घरावर जप्ती येते, एवढंच मला कचेरीत कळलेलं. “वैद्यबुवा, कोकणात आईला पत्र धाडा.”

“कशाला रे?”

“एकवीस दिवसांनी मी नसेन ना?”

ते हसले नाहीत. “मुदत तापाला आहे, तुला नाही. पेज पी आणि पडून राहा.”

बाविसाव्या दिवशी अंग गार लागलं, तेव्हा मेलो की बरा झालो, कितीतरी वेळ कळेना. मग भूक लागली, आणि त्या माणसाचे उपकार कळले.