विहिरीतले आंधळे जीव

दिल्लीत मुनिरक्यातल्या आमच्या खोलीची एकुलती खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. हात लांब केला की भिंत लागायची. खोलीत एकच टेबल, त्यावर मैत्रिणीचा मायक्रोस्कोप. ती नांदेडची, भूजलातल्या जीवांवर पीएच.डी. करत होती. मी एका हिंदी दैनिकात शहराच्या पानावर होते.

तिचे जीव फरिदाबादच्या पुढे, एका गावातल्या मंदिराच्या विहिरीत सापडत. कोळंबीच्या कुळातले, तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, डोळे नसलेले. जमिनीखालच्या भेगांतल्या पाण्यात त्यांचा सगळा जन्म जातो. जात नवी होती, पण दोन वर्षांत जाळीत फक्त माद्या आल्या होत्या. नराशिवाय वर्णन पुरं होत नव्हतं आणि वर्णनाशिवाय प्रबंध. फेलोशिप संपली होती. तिला घरी परतता येत नव्हतं.

"आईला काय सांगतेस?" मी एकदा विचारलं.

"मुलगा शोधतेय म्हणते. खूश आहे ती."

एका दुपारी पानावर जागा उरली होती. मी त्या विहिरीची छोटी बातमी लिहिली. हे जीव स्वच्छ पाण्यातच टिकतात, हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात ठेवलं. ऐनवेळी जाहिरात आली की बातमी खालून कापतात. मी स्वतः रोज कापत होते. त्या दिवशी जाहिरात आली. छापून आलेला मथळा होता: मंदिर के कुएँ में मिले अंधे कीड़े.

तिसऱ्या दिवशी पुजाऱ्याचा तिला फोन आला. "मैडम, बधाई हो! अख़बार देखकर दफ़्तर वाले आए थे, दवाई डाल गए. अब एक कीड़ा नहीं बचेगा."

आम्ही लगेच निघालो. विहिरीला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. तिने नेहमीसारखी जाळी दोरीने तळापर्यंत सोडली, गाळ ढवळण्यासाठी झटके दिले, सावकाश वर ओढली. ट्रेमध्ये काही हललं नाही.

"देखा? सब साफ़," पुजारी म्हणाला. तिने त्याचे आभार मानले आणि मेलेले जीव ड्रॉपरने उचलून अल्कोहोलच्या बाटलीत भरले.

संध्याकाळी तिने मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. "अगं, ये. पुढचे पकडीचे पाय बघ. नर आहे. अख्खा. भेगांत खोल राहत असणार, औषधाने बाहेर आला."

मी माफी मागायला लागले.

"आत्ता नको. टेबल हलतंय."

पुढचे दोन महिने ती त्या नराचा एकेक पाय कागदावर काढत होती. मी पलंगावर बसून जेवायचे. दुसरी खोली बघते, असं दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा तिने ऐकलं आणि काम चालू ठेवलं. भाडं एकटीला झेपणारं नव्हतं, हे दोघींना माहीत होतं. बातमीचा विषय निघाला नाही. या काळात ती तीनदा विहिरीवर जाऊन आली. जाळी रिकामी आली.

प्रबंधात तिने लिहिलं: अधिवास, एकच विहीर. सद्यस्थिती, आढळत नाही. कारणाच्या जागी फक्त 'क्लोरीन' होतं. ते पान तिने मला तपासायला दिलं. मी काही बदललं नाही.